बारदान वजा करून

आमच्या वरच्या खोलीतल्या बाईंना कुणी विचारलं, "भाकरी किती वाढू?" तर बाई म्हणायच्या, "दीड. अधिक-उणे पाव."

आमच्या मंडळींनी पहिले आठ दिवस हे ऐकून घेतलं. नवव्या दिवशी तव्यावरची भाकरी उलटता उलटता तिनं मला विचारलं, "आवं, ह्या बाईला जेवायला वाढायचं का मोजून द्यायचं?"

मी म्हटलं, "वाढ की. पाव इकडं-तिकडं झाली तर ती बोलायची न्हाई. आधीच सांगून ठेवलंय तिनं."

सगळ्यातच असं. वेळ विचारली तर "साडेदहा, अधिक-उणे दोन मिनिटं." कोल्हापूरला पोचायला किती लागतील, तर "दीड तास, अधिक-उणे वीस. एसटी असेल तर नुसतं अधिक." एकदा कसला तरी फॉर्म भरायला माणूस आला होता. त्यानं वय विचारलं. बाई म्हणाल्या, अडुसष्ट. मंडळी दारातच उभी होती. तिला राहवलं नाही. "ह्यात अधिक-उणे न्हाई व्हय?"

बाई गंभीरपणे म्हणाल्या, "आहे की. तारीख आईनं सांगितलेली, आणि आई विसराळू होती. सहा महिने धरा."

त्या माणसानं पेन खिशाला लावलं आणि चहा मागितला.

आता मी कोण ते सांगतो. मी मापाडी. सांगलीच्या हळदीच्या बाजारात बेचाळीस वर्षं काट्यावर उभा राहिलो. शाळा तिसरीपर्यंत, आष्ट्याला, आणि त्यातली तिसरी अर्धी. पण काट्याच्या बाबतीत माझ्यापुढं कुणी बोलायचं नाही अशी बाजारात रीत होती, आणि ती मीच पाडलेली होती. हळद पोत्यातनं येते. पोत्यासकट तोलायची, मग रिकाम्या पोत्याचं वजन, म्हणजे बारदान, त्यातून वजा करायचं. उरली ती हळद. माझी अख्खी अक्कल एवढीच, आणि ती मला जन्मभर पुरली.

बाजारामागंच आमचं घर. वरची खोली भाड्यानं देतो. बाई मूळच्या साताऱ्याच्या, पण उमर सगळी बाहेर गेलेली. नोकरी संपल्यावर इथल्या एका कॉलेजात आठवड्याचे दोन दिवस शिकवायला आल्या. मी विचारलं, साताऱ्याला भावाचं घर असताना इथं कशाला? म्हणाल्या, "साताऱ्यात सगळे ओळखतात. चहाला बोलावतात." सामान बघितलं तर एक पेटी कपड्यांची आणि चार पेट्या कागदांच्या.

भाडेकरू ठेवायच्या आधी मी चौकशी करतो. म्हटलं, "तुमी नोकरीत करत काय हुता?"

"प्रोटॉन आणि न्यूट्रॉनच्या आत काय आहे ते बघत होते."

"ते काय असतंय?"

"कशाचाही बारीक तुकडा करत जा. हळदीचा करा. शेवटी अणू लागतो. अणूच्या पोटात गाभा, आणि गाभ्यात हे दोघं."

"मग दिसतंय का त्यांच्या आतलं?"

"नाही."

"दिसत न्हाई तर बघत काय हुता?"

"त्यांच्यावर आणखी बारीक कण मारायचे. ते कसे, कुठं, किती जोरात उडतात ते मोजायचं. त्यावरून आत काय असेल ते ठरवायचं."

"किती वर्षं मारले?"

"छत्तीस."

इथं मात्र त्यांनी अधिक-उणे लावलं नाही. न दिसणाऱ्या गोष्टीला छत्तीस वर्षं खडे मारणाऱ्या बाईला खोली द्यावी का, यावर मी दोन दिवस विचार केला. शेवटी दिली. बाई निदान खरं तरी बोलत होती.

पुढं त्यांनी आणखी एक सांगितलं, त्यावरून माझं डोकं तापलं. प्रोटॉनच्या आत म्हणे तीन बारीक कण असतात, क्वार्क त्यांचं नाव. पण तिघांचं वजन एकत्र केलं तरी प्रोटॉनच्या वजनाचा शंभरावा हिस्सासुद्धा धड भरत नाही.

मी म्हटलं, "काटा बिघडलाय तुमचा."

"नाही हो. बाकीचं वजन आतल्या धावपळीचं आहे. एकमेकांना धरून ठेवतात ना, त्या ओढाताणीचं."

"धावपळीला कुठं वजन असतंय?"

मंडळी आतून म्हणाली, "असतंय. इथं येऊन माझं तोला."

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाल्या, "वहिनींना कळलं. माझ्या वर्गातल्या पोरांना हे कळायला दोन महिने लागतात." त्या दिवसापासून मंडळी माझ्याकडं जरा वरून बघायला लागली.

आता फळीचं सांगतो. माझा अपमान फळीनं झाला.

मी रोज एकच लावून धरलं होतं, की आत बघितल्याबिगर आतलं सांगता येतच नाही. बाईंनी एक दिवस सुताराकडून दोन हात रुंद चौकोनी फळी आणली आणि वरच्या खोलीच्या कोपऱ्यात जमिनीला समांतर ठेवली. फळीखाली काहीतरी होतं, त्यावर ती टेकलेली. मधे गोटी जाईल एवढी फट. मला म्हणाल्या, "मापाडी, चारी बाजूंनी गोट्या सोडा. कुठून शिरली, कुठून निघाली, लिहून ठेवा. आणि आत काय आहे ते मला सांगा."

"फळी उचलली की दिसंल."

"फळी उचलायची नाही."

"का?"

"आम्हाला कुणी उचलू दिली?"

मी हट्टाचा माणूस. नऊ दिवस रोज दुपारी वर जाऊन पालथा पडलो. गोटी सोडायची, टक् आवाज ऐकायचा, कुठून बाहेर येते ते बघायचं आणि खडूनं जमिनीवर रेघ ओढायची. जेवायला बोलावलं तरी उठायचो नाही. मंडळी शेजारणीला सांगायची, "ह्या वयात गोट्या खेळत्यात, पर घरात असत्यात, त्येवढंच बरं." दहाव्या दिवशी मी जाहीर केलं, "वरवंटा. आडवा. निमुळतं तोंड दाराकडं."

मंडळी म्हणाली, "माझा वरवंटा पाट्यावर हाय."

"दुसरा असंल."

बाईंनी खडूच्या रेघा बराच वेळ बघितल्या. मग अगदी हळू विचारलं, "मापाडी, फळीखाली काहीच नसताना गोट्या सोडून बघितल्या होत्या का?"

मी खाली कोब्याकडं बघितलं.

तो कोबा मी स्वतः उभा राहून घालून घेतलाय. पाणी मोरीकडं जावं म्हणून दोन बोटं उतार दिलाय. बाईंनी शेजारीच तसलीच दुसरी फळी चार कोपऱ्यांना टेकू देऊन मांडली, खाली मोकळी. गोटी सोडली. काही न लागता, कुणी न अडवता, गोटी शहाण्यासारखी वळून मोरीकडं निघाली. माझ्या वरवंट्याचं निमुळतं तोंड म्हणजे माझ्याच कोब्याचा उतार होता.

बेचाळीस वर्षं बारदान वजा केलेला माणूस बारदान वजा करायला विसरला.

आठ दिवस मी बाईंशी बोललो नाही. चूक माझी होती म्हणूनच बोललो नाही. त्यांची असती तर चार वेळा बोललो असतो. काही सांगायचं असलं तर मंडळीला सांगायचो, ती जिन्यात उभी राहून वर सांगायची. नवव्या दिवशी बाईच खाली आल्या आणि म्हणाल्या, "आमचंही काम बारदानाचंच असतं. तुम्हाला सांगते, म्हणजे राग जाईल." आणि सांगितलं ते असं.

प्रोटॉन एकटा सापडतो. न्यूट्रॉन एकटा ठेवला की थोड्या मिनिटांत मोडतो, त्याच्यावर मारायला वेळच मिळत नाही. म्हणून प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची जोडी घ्यायची, जोडीवर कण मारायचे, आणि त्यातून एकट्या प्रोटॉनचं माप वजा करायचं. उरला तो न्यूट्रॉन.

माझा राग गेला. पण गोष्ट पटली नाही. मी म्हटलं, "बाई, ह्ये चुकतंय. लगीन झालेला गडी एकट्या गड्यासारखा वागतोय व्हय? जोडीतला प्रोटॉन वेगळा आन सुटा प्रोटॉन वेगळा. तुमी सुट्याचं बारदान जोडीला लावताय."

बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "यावर जगभरातली शहाणी माणसं चाळीस वर्षं भांडतायत."

"मला इचारायचं," मी म्हटलं.

यानंतर आमचं चांगलं जमलं. बाई सकाळी बाजारात माझ्याबरोबर यायच्या, नवीन मापाड्यांच्या काट्यावर वाकून बघायच्या आणि काट्याला शून्यावर आणलंय का ते विचारायच्या. पोरं वैतागायची. एक मला म्हणाला, "आबा, तुमी रिटायर झाला तवा वाटलं सुटलो. तुमी आता दोन झालाय."

मग एक दिवस मंडळीनं विचारलं, "बाई, भाकरी किती?" आणि बाई म्हणाल्या, "किती पण."

मंडळी परातीत हात तसाच ठेवून माझ्याकडं बघायला लागली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी ती मला म्हणाली, "आवं, वर जाऊन बघा. बाईचं काय तरी बिघडलंय."

दुपारची वेळ. गच्चीवर शेवया वाळत घातलेल्या आणि बाई काठी घेऊन कावळे राखत बसलेल्या. कावळे शेवया खात होते. मी काठी घेतली, कावळे उडवले आणि शेजारी बसलो. थोड्या वेळानं त्याच बोलायला लागल्या.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्यांनी परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत त्या प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या जोडीवर शेवटचा प्रयोग केला होता. जोडी असते पाण्यासारखी पातळ, लय गार, पातळ पत्र्याच्या लहानशा डब्यात. कण डब्यालाही लागतात. म्हणून भरल्या डब्याचं माप घ्यायचं, मग डबा रिकामा करून रिकाम्याचं घ्यायचं, आणि वजा करायचं. रिकामं म्हणजे नुसतं पातळ काढून भागत नाही. आत गार वाफ राहते. ती जाईपर्यंत थांबायचं, दाबाचा काटा वाचायचा, मग वहीत लिहायचं, 'रिकामा'.

"यंत्र बंद व्हायला थोडेच तास उरले होते," बाई म्हणाल्या. "त्या पाळीला प्रमुख मी. काटा पलीकडच्या खोलीत होता. मी उठलेच नाही. रिकामाच असणार, असं धरलं आणि लिहून टाकलं."

"मग?"

"आता सगळं मोजून झालंय. निबंध छापायला चाललाय. माझी एक विद्यार्थिनी आहे तिकडं, तिनं सहा वर्षं घालवली यात. तिची पक्की नोकरी याच्यावर अडकलीय. परवा तिनं शेवटचा मजकूर पाठवला, बघून घ्या म्हणून. मी तो आकडा बघितला आणि मला ती खुर्ची आठवली, जिच्यातून मी उठले नव्हते."

"आकड्यात फरक लय पडंल?"

"थोडा. कुणाला कळणारही नाही. सांगितलं तर सगळं पुन्हा करावं लागेल आणि तिची संधी जाईल. आणि माझं..." त्या थांबल्या. "छत्तीस वर्षं मी पोरांना सांगत आले, काटा वाचल्याशिवाय लिहू नका."

आता मी जे बोललो ते मंडळीलाही कधी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "बाई, रहिमतपूरचे एक तात्या हुते. हळद घेऊन यायचे. एका सालच्या हंगामात पहाटे वळीव झाला. सकाळची पोती समदी भिजलेली. ओल्या पोत्याचं बारदान मी नीट तोललं आन त्येच कापत ऱ्हायलो. मग तात्यांची गाडी आली. साठ पोती, ताडपत्रीखाली, कोरडी ठणठणीत. माझा हात सुरात हुता. ओल्याचंच बारदान कापत गेलो. पोत्यामागं अर्धा किलो तात्यांचं गेलं. दुपारच्याला एका पोत्यावर हात टेकला तवा कळलं. तवर तात्या गाडीत बसून गेल्याले आन माल दुसऱ्या ढिगात मिसळलेला."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय न्हाई. माझ्या काट्यावर बोट दाखवायची बाजारात कुणाची टाप नव्हती. मीच कसं दाखवू? तात्या पुढं लय वर्षं येत ऱ्हायले. माझ्याच काट्यावर. चहा पाजायचे. पोतं चढलं की त्यावर थाप मारायचे आन म्हणायचे, 'मापाडी, कोरडं हाय बरं का.' मी म्हणायचो, दिसतंय मला. पर चहा कवा गोड लागला न्हाई बगा."

एक कावळा आला, तो बाईंनीच उडवला. मग उठून खाली गेल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी त्या विद्यार्थिनीला फोन लावला, तोंड दिसणारा. मी दारात होतो. इंग्रजी मला कळत नाही, पण तोंड कळतं. ती पोरगी आधी हसत होती, मग हसायची थांबली, मग तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. बाई खाली न बघता बोलत राहिल्या. फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "ती रागावलीय. रागवायलाच हवं." आणि जेवायला बसल्यावर म्हणाल्या, "वहिनी, एक भाकरी. अधिक-उणे पाव." मंडळीनं मुकाट्यानं दीड वाढली.

पुढचे महिने बाई रोज त्या कागदांत डोकं घालून असायच्या. त्या डब्याच्या यंत्रानं आपला दाब आपणच कुठंतरी नोंदवून ठेवला होता, तो त्या पोरीनं शोधून काढला. आत वाफ होतीच. सगळं नव्यानं वजा केलं. आकडा किंचित सरकला आणि पुढचं अधिक-उणे वाढलं. निबंध बऱ्याच उशिरानं निघाला, त्यात वाफेची गोष्ट सरळ लिहिलेली. बाईंनी 'माझं नाव काढा' म्हणून तिला कळवलं होतं. पोरीनं काढलं नाही. तिची त्या वर्षीची नोकरी गेली, दुसऱ्या वर्षी दुसरीकडं लागली. ते कळवायला तिनं फोन केला तेव्हा बाईंनी मला हाक मारून पडद्यासमोर उभं केलं आणि इंग्रजीत काहीतरी सांगितलं. पोरीनं मला नमस्कार केला. काय सांगितलं ते बाई शेवटपर्यंत बोलल्या नाहीत.

तो फोन ठेवल्यावर बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मला बोलावंच लागलं. "जायचं म्हणताय व्हय रहिमतपूरला?"

"मी काहीच म्हटलं नाही."

"बघत तर हुता."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एसटीनं निघालो. माझं वय पंच्याहत्तरच्या वर, मला तिकीट नाही, बाईंना अर्धं. तेवढ्यापुरता मी वरचढ ठरलो म्हणून मला बरं वाटलं, पण कराड गेल्यावर मी उतरून परत जायचं काढलं. बाईंनी पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून दिला.

तात्या अंगणात खाटेवर बसले होते. नव्वदीला टेकलेले, कान गेलेले, नजर शाबूत. मी पाया पडलो. सून चहा ठेवते म्हणाली, मी म्हटलं आधी बोलतो. आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वळीव, ओलं बारदान, साठ पोती. कान गेलेले असल्यामुळं मोठ्यानं सांगावं लागलं. शेजारपाजारचं सगळं कुंपणाशी येऊन ऐकत होतं.

तात्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "तुला आत्ता कळलं व्हय रं?"

"म्हंजे?"

"मी घरनं तोलून आणली हुती की हळद. घरी येऊन हिशोबाची पट्टी बघितली आन कळलं. पर तू मापाडी लय ताठ. तुला तोंडावर सांगायचं कुणी? म्हणून दर साली पोत्यावर थाप मारून सांगायचो, कोरडं हाय, कोरडं हाय. तू आपला म्हणायचास, दिसतंय मला. मी घरी येऊन हिला सांगायचो, त्येला अजून दिसंना बग."

कुंपणावरची माणसं हसली, सून हसली. बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी ताठ उभा होतो, पण किती वेळ राहणार? शेवटी मीही खाटेवर बसलो.

बाईंनी तात्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "मग त्याच्याच काट्यावर का जात राहिलात?"

तात्या म्हणाले, "दुसरी काय शाणी हुती? ह्येची चूक किती हाय ते मला ठाऊक हुतं. बाकीच्यांची ठाऊक नव्हती."

बाईंनी पिशवीतून वही काढली आणि ते वाक्य लिहून घेतलं. चहा आला. गोड होता, जरा जास्तच.

परतीच्या एसटीत बाई खिडकीशी बसल्या होत्या. मधेच म्हणाल्या, "मापाडी, घरी गेल्यावर फळी उचलायची का? एवढ्याला तुमचा हक्क आहे."

मी विचार केला. म्हटलं, "नगं. आता उतार वजा करून दोनच बाजू झाल्यात. आजून दोन ऱ्हायल्यात."

बाईंनी पिशवी उघडली. माझ्या हातावर आणखी एक लाडू ठेवला.

पुढच्या साली बाई साताऱ्याला भावाकडं गेल्या. आता चहाला बोलावलं तर जातात म्हणे. वरची खोली मी अजून कुणाला दिलेली नाही. मंडळी फळीच्या कडेकडेनं झाडते आणि बोलते, पण तिनंही उचलून बघितलेलं नाही, तसं मला वाटतं. चारी बाजू आता माझ्या पुऱ्या झाल्यात. परवा बाईंचा फोन आला, तेव्हा मी उत्तर सांगितलं. आत तीन वस्तू आहेत. अधिक-उणे एक.